व्हाइटहॉर्सजवळच्या सोप्या पायवाटा: व्हॅनमधून उतरण्यापूर्वी वाचा

कॅनडाच्या युकॉन प्रदेशातल्या व्हाइटहॉर्स गावातून आम्ही पाहुण्यांना व्हॅनने पायवाटांपर्यंत सोडतो आणि परत आणतो. उन्हाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या मराठी पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आईबाबा आणि मुलं बरोबर आहेत, गावाजवळ सोपं काय चालता येईल?" म्हणून हे लिहून ठेवलं आहे.

सगळ्यात सोपी मिलेनियम ट्रेल. युकॉन नदीच्या दोन्ही काठांनी फिरवून आणणारी पाच किलोमीटरची पक्की वाट आहे, बाबागाडी सहज जाते. धरणाजवळ माशांना वर चढता यावं म्हणून बांधलेला लांबलचक लाकडी जिना बघा. बेरिंग समुद्रातून सुमारे तीन हजार किलोमीटर पोहत आलेले चिनूक सॅमन ऑगस्टमध्ये इथवर पोचतात. अलीकडे ते फार कमी झालेत, त्यामुळे दिसतीलच अशी खात्री आम्ही देत नाही. या वाटेसाठी आमची व्हॅन घेऊ नका, गावातून पायीच जा.

आमची शिफारस माइल्स कॅन्यनची. काळ्या बेसॉल्टच्या कड्यांमधून हिरवंगार पाणी वाहतं; सह्याद्रीत वाढलेल्यांना दगड ओळखीचा वाटेल. 1922 सालचा झुलता पूल ओलांडून नदीच्या वरच्या अंगाला सुमारे दोन किलोमीटर गेलात की कॅन्यन सिटीची जागा लागते. 1898 च्या सुमारास युकॉनमध्ये सोनं शोधायला लोकांची झुंबड उडाली, तेव्हा इथे वस्ती होती. पुढचे खळाळ होड्या फोडायचे, म्हणून सामान ओंडक्यांच्या रुळांवरून, घोडे जुंपलेल्या गाड्यांतून पुढे न्यायचे. 1900 मध्ये रेल्वे व्हाइटहॉर्सला आली आणि वस्ती उठली. ते खळाळही 1958 च्या धरणात बुडाले. आमच्याबरोबर आलात तर हे सगळं जागेवर उभं राहून सांगतो. नुसतं सोडून हवं असेल तर तसंही चालेल.

ग्रे माउंटन आणि फिश लेकला चढ आहे, वर वारा झोंबतो. गुडघे कुरकुरत असतील तर नको.

आता मुख्य मुद्दा, परतीची वेळ. उतरताना आम्ही एक चिठ्ठी भरून घेतो: कोण कोण, कुठली वाट, किती वाजता परत. ती वेळ पाळली जात नाही, आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. कारण उजेड. जूनमध्ये इथे सूर्य रात्री साडेअकराच्या सुमारास मावळतो. संध्याकाळचे आठ वाजले तरी ऊन दुपारचंच वाटतं, मग "अजून थोडं पुढे जाऊन येऊ" सुरू होतं. साडेसहाची वेळ देऊन मंडळी नऊला हसत हसत येतात आणि विचारतात, "एवढं काय झालं? उजेड तर होता!"

उजेड होता, पण तुमचा पत्ता नव्हता. गावाबाहेर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. सह्याद्रीत वाट चुकली तरी खाली उतरलं की एखादी वाडी लागते, कुणीतरी मामा वाटेला लावून देतो. इथे चुकीच्या बाजूला उतरलात तर पुढे नुसतं जंगल, आणि त्यात अस्वलं. म्हणून ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास आम्ही थांबतो, मग आमचा माणूस वाटेवर शोधायला निघतो, आणि तरीही सापडला नाहीत तर पोलिसांना कळवतो. तोवर दुसरं कुटुंब दुसऱ्या वाटेच्या तोंडाशी डास मारत आमची वाट बघत असतं. थांबण्याचे पैसे आम्ही लावतो ते याच्यासाठी. काहींना ते कडक वाटतं. पण आम्ही वेळेवर नाही आलो तर तुम्हालाही चालणार नाही.

उपाय सोपा आहे. परतीची नव्हे, मागे वळण्याची वेळ ठरवा आणि फोनवर गजर लावा. त्याला रेंज लागत नाही. चार तास हातात असतील तर पावणेदोन तासांनी वळा, मग समोर कितीही सुंदर वळण दिसू दे. फोटो, मुलांच्या शू-शीचे थांबे आणि आजोबांची विश्रांती यांचा वेळ धरूनच आम्हाला वेळ सांगा. जास्तीची मागा, हरकत नाही, मागितलेली पाळा.

बाकी थोडक्यात. अस्वलांसाठीचा फवारा विमानात कुठल्याच सामानातून नेता येत नाही, त्यामुळे विकत घेण्यापेक्षा आमच्याकडून भाड्याने घ्या. तो अस्वलाच्या दिशेने मारायचा असतो, डासांच्या मलमासारखा अंगाला लावायचा नसतो. (हसू नका, विचारणारे भेटतात.) डासांसाठी डोक्यावरची जाळीही आमच्याकडे मिळते. चालताना बोलत राहा, म्हणजे अस्वल दचकत नाही, अंताक्षरी उत्तम. चिवडा-लाडू खुशाल न्या, पण सांडलेलं आणि रिकामी पाकिटं परत आणा. ओढ्याचं पाणी तसंच पिऊ नका.

माइल्स कॅन्यनची व्हॅन आदल्या रात्री सांगितली तरी मिळते. ग्रे माउंटन आणि फिश लेकसाठी दोन दिवस आधी कळवा, कारण त्या कच्च्या रस्त्यांवर आम्ही एका वेळी एकच फेरी घेतो.