लाकडाचा आंबा इतका महाग का?
सावंतवाडीच्या लाकडी कामाबद्दल आमच्या गिऱ्हाइकांसाठी

आंबा हातात घेतला की गिऱ्हाईक आधी त्याचं वजन बघतं, मग किंमत, आणि मग विचारतं, "भोवरा एवढा स्वस्त, मग ह्याचेच एवढे पैसे का?" प्रश्न रास्त आहे. पण गर्दीत नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

भोवरा, खुळखुळा, पोळपाट-लाटणं, भातुकलीची बुडकुली हा सगळा चरकावरचा, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या यंत्रावरचा माल. लाकूड गरगर फिरत असतानाच त्यावर लाखेची रंगीत कांडी दाबतात. घासून तापली की लाख वितळते आणि लाकडावर चढते. वरून केवड्याचं सुकं पान धरलं की चकाकी येते. हात बसलेला कातारी असे नग भराभर उतरवतो.

आंब्याला मात्र चोच असते आणि त्याचा एक गाल दुसऱ्यापेक्षा फुगलेला असतो. चरकातून निघतं ते सगळं गोल, त्यामुळे आंबा हातानंच घडवावा लागतो. पांगाऱ्याचा सुकलेला ठोकळा घ्यायचा, वाकसानं तासायचा, पटाशीनं आकार काढायचा, कानस फिरवायची आणि शेवटी पॉलिशपेपर. पांगारा हलका आणि मऊ, कोरायला सुखाचा. पण रंग द्यायला गेलं की पितच राहतो. म्हणून आधी खडूची पूड आणि चिंचोक्याची खळ यांचा थर देऊन छिद्रं बुजवायची, सुकवायचं, घासायचं, पुन्हा थर द्यायचा. कोकणातल्या पावसाळ्यात हे सुकणं म्हणजे काय, ते आम्हालाच ठाऊक! रंग सगळ्यात शेवटी. हापूसच्या देठाजवळची लाली पिवळ्यात कुठे विरते ते हातानं साधायचं असतं. सीताफळाचा तर एकेक डोळा वेगळा कोरावा लागतो, म्हणून आमच्याकडे ते आंब्याहून महाग आहे.

ही रंगाची बाजू सावंतवाडीत आली कुठून? इथल्या चितारी घराण्यांकडून. चितारआळीला नाव त्यांचंच. संस्थानाच्या काळात ही मंडळी लाकडावर लाखकाम करत, पाट-देव्हारे रंगवत आणि गंजिफा काढत. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी जोडात 120 पत्ते: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. दिवसा खेळ रामाच्या राजानं सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिसरे खेम सावंत गादीवर असताना हा खेळ तेलंगणातून आलेल्या विद्वानांमुळे इथे पोचला, असं सांगतात.

मग छापील पत्ते आले, पत्र्याची आणि पुढे प्लास्टिकची खेळणी आली. स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झालं आणि दरबारी गिऱ्हाईकही गेलं. खेळणी कशीबशी तग धरून राहिली, गंजिफा जवळजवळ बंद पडली. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी लक्ष घातलं तेव्हा ती कला जाणणारे पुंडलिक चितारी पार म्हातारे झाले होते. सत्वशीलादेवींनी स्वतः त्यांच्याकडे बसून शिकून घेतलं, इतर कारागिरांना तयार केलं आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. आजही वाड्याच्या दरबार हॉलमध्ये गंजिफा रंगवताना बघायला मिळते. मोती तलावावर फिरायला जाणारच असाल तर तिथे जरूर डोकावा. आमच्याकडे खरेदी नाही केलीत तरी चालेल.

ते काम तेव्हा उभं राहिलं नसतं, तर आज सावंतवाडीत चरकाचा माल मिळाला असता, पण बारीक कुंचल्याचा हात उरला नसता, असं आमचं मत आहे. आंब्याच्या किमतीत त्या हाताची मजुरी आहे.

एक खुलासा. बाजारात लाखेची जी गुळगुळीत, पट्ट्यापट्ट्यांची खेळणी दिसतात, त्यातली बरीच कर्नाटकातल्या चन्नपट्टणची असतात. माल चांगलाच आहे, आम्हीही ठेवतो, पण वेगळ्या फळीवर. कुठलं काय ते विचारा, सांगू.

घरी नेल्यावर
फळं पाण्यानं धुऊ नका, कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. उन्हात किंवा टीव्हीच्या मागे तापेल अशा जागी लाखेची वस्तू ठेवू नका, लाख मऊ पडते. पांगाऱ्याला भुंगा लागू शकतो. फळाखाली पिठासारखी बारीक पूड दिसली तर ते लगेच बाकीच्यांपासून बाजूला करा आणि आमच्याकडे आणा. रंगवलेली फळं शोभेची आहेत. दात येणाऱ्या बाळाच्या हाती देऊ नका. खरी वाटतात, त्यामुळे ती आधी तोंडातच जातात.

ऑर्डरबद्दल
रुखवतासाठी फळांची परडी हवी असेल तर लग्नाची तारीख ठरताच सांगा. गणपतीत माटवीला, म्हणजे मूर्तीच्या वर टांगतात त्या लाकडी चौकटीला, खरीच फळं बांधायची रीत आहे आणि ती तशीच राहावी असं आम्हालाही वाटतं. पण मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये कवंडळासारखी रानफळं आणि सुपारीची शिप्टं (घड) कुठून आणणार? अशांसाठी देठाला दोरा ओवायचं भोक पाडून फळं करून देतो. पांगाऱ्याची असल्यानं माटवीवर भार येत नाही. मात्र ही ऑर्डर मे महिन्याच्या आत द्यावी. एकदा पाऊस लागला की थर सुकत नाहीत, आणि अर्धा सुकलेला आंबा आम्ही विकत नाही.