लोण्याच्या आधी शाळा

गावच्या डेअरीवर सकाळी कॅन घेऊन गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो: आज फॅट किती लागली? दर त्या आकड्यावर ठरतो. दुधाचे पैसे लिटरवर न देता त्यातल्या स्निग्धांशावर द्यायचे, ही पद्धत सुरुवातीच्या काळात ज्यांनी रुळवली त्यांत डेन्मार्कचे लहान शेतकरी होते. त्यांना ती जमली याचं मोठं कारण मला त्यांच्या गोठ्यापेक्षा त्यांच्या शाळेत दिसतं.

दीडशे वर्षांपूर्वी तिथल्या घरोघरी दूध पसरट भांड्यात ओतून थंड खोलीत एक-दीड दिवस ठेवत. दुधातले स्निग्ध कण पाण्याहून हलके, पण इतके बारीक की वर यायला फार वेळ घेतात. स्थिर ठेवलेलं दूध हललं, गाडीत हिंदकळत दूरवर नेलं, की साय नीट धरत नाही आणि दूध आंबतं. त्यामुळे दहा घरांचं दूध एकत्र करून लोणी काढणं जवळजवळ अशक्यच होतं. दहा घरांचं लोणी दहा तऱ्हांचं. इंग्लंडच्या बाजारात भाव मिळे तो बड्या जमीनदारांच्या एकसारख्या लोण्याला.

1878 च्या सुमारास स्वीडनमध्ये गुस्ताफ द लावाल यांनी आणि डेन्मार्कमध्ये एल. सी. नील्सन यांनी सतत चालणारे क्रीम सेपरेटर तयार केले. भांडं इतक्या वेगानं फिरतं की जड दूध कडेला फेकलं जातं आणि हलकी साय मध्याशी गोळा होते. दीड दिवसाचं काम मिनिटांवर आलं. दूध हिंदकळलं तरी हरकत नाही. पण यंत्र आणि त्याला फिरवणारं वाफेचं इंजिन परवडायला शेकडो गाईंचं दूध हवं, आणि लहान शेतकऱ्याच्या दावणीला गाई मोजक्याच.

1882 मध्ये डेन्मार्कच्या पश्चिम जटलंड भागातल्या यॅडिंग या खेड्यातल्या शेतकऱ्यांनी यावर तोड काढली. सगळ्यांनी मिळून कर्ज काढलं आणि त्याची जबाबदारीही सामाईक घेतली. घरापुरतं ठेवून उरलेलं सगळं दूध डेअरीत घालायचं, असा करार लिहून काढला. नफा दुधाच्या प्रमाणात वाटायचा. साय काढलेलं दूध परत घरी न्यायचं. त्यावर डुकरं पोसली जात आणि पुढे त्यातूनच बेकनची, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाची, निर्यात उभी राहिली. अशा डेअऱ्यांत मत माणसागणिक एक असे, गाईगणिक नाही. 1900 च्या आसपास देशात हजाराहून अधिक सहकारी डेअऱ्या होत्या. अमेरिका आणि रशियातून आलेल्या स्वस्त धान्यानं युरोपातले शेतकरी मेटाकुटीला आले होते, त्याच काळात हे घडलं.

शिक्षणाकडे भांडवल म्हणून पाहायला अर्थशास्त्र बरंच उशिरा शिकलं. थिओडोर शुल्ट्झ यांनी 1960 च्या सुमारास ही कल्पना ठामपणे मांडली. ते शेतीचेच अभ्यासक होते. 1966 मध्ये रिचर्ड नेल्सन आणि एडमंड फेल्प्स यांनी त्यात नेमकी भर घातली. शिकलेला माणूस नेहमीचं काम थोडं चांगलं करतो, पण शिक्षणाचा खरा उपयोग बदलत्या काळात होतो: नवं तंत्र कामाचं आहे की नाही हे त्याला लवकर पारखता येतं, आणि तो ते लवकर उचलतो. यॅडिंगची गोष्ट मला या विचाराचं अगदी जवळून दिसणारं उदाहरण वाटते.

डेन्मार्कमध्ये 1814 च्या कायद्यानं गावच्या मुलामुलींना सातव्या वर्षापासून साधारण चौदाव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं झालं. म्हणजे करार वाचू शकणारी, खातेवही समजणारी पिढी सेपरेटर येण्याआधीच तयार होती. त्यावर भर पडली लोकशाळांची. निकोलाय ग्रुंटविग या धर्मोपदेशक-कवीच्या विचारांतून 1844 मध्ये रॉडिंग इथे पहिली शाळा निघाली. तरुण शेतकरी हिवाळ्यात काही महिने तिथे राहायला येत. मुलींसाठी पुढे उन्हाळ्यातले वर्ग निघाले. परीक्षा नाही, पदवी नाही. इतिहास ऐकायचा, गाणी म्हणायची, चर्चा करायची. 1864 च्या युद्धात रॉडिंगचा प्रदेश प्रशिया या जर्मन राज्याकडे गेला, तेव्हा शिक्षकांनी सीमेच्या उत्तरेला आस्कोव्ह इथे नव्यानं शाळा मांडली.

तिथे मुख्य भर लोणी काढण्यावर नव्हताच. पण चारचौघांत उभं राहून बोलणं, दुसऱ्याचं ऐकून घेणं, बहुमत मान्य करणं याची सवय तिथे लागत होती. शेजाऱ्याच्या कर्जाला आपली जमीन बांधायची तर या सवयी यंत्राइतक्याच लागतात.

विश्वासाला मोजमापाचीही जोड हवी. दुधात पाणी घालणारा आणि प्रामाणिक माणूस यांना एकच दर दिला तर संस्था मोडते. कोपनहेगनच्या कृषी महाविद्यालयातले एन. जे. फ्योर्ड यांनी प्रत्येकाच्या दुधातली साय मोजणारं साधन तयार केलं. तिथलेच विल्हेल्म स्टोर्क यांनी 1890 च्या सुमारास साय आंबवायला निवडक जिवाणूंचं विरजण आणलं, आणि लोण्याची चव नशिबावर सोडायची गरज उरली नाही. परत येणाऱ्या दुधातून वासरांना क्षय होतो हे बर्नहार्ड बांग यांनी दाखवलं. 1898 च्या कायद्यानं ते दूध तापवणं बंधनकारक झालं. संशोधन झालं राजधानीत, पण ते पत्रकं वाचणाऱ्या गावांपर्यंत पोचलं म्हणून फळाला आलं.

सगळं श्रेय शाळेला देणं मात्र बरोबर नाही. मार्कुस लाम्पे आणि पॉल शार्प हे आर्थिक इतिहासकार दाखवतात की अठराव्या शतकापासून मोठ्या जमीनदारांच्या डेअऱ्यांत हिशेब ठेवायची शिस्त रुजली होती आणि ती आसपास झिरपली. आयर्लंडमध्येही तोवर साक्षरता बऱ्यापैकी पसरली होती, तिथल्या लोण्याला ब्रिटनची बाजारपेठ जुनीच होती, तरी पहिली सहकारी क्रीमरी (लोणी काढणारी डेअरी) 1889 मध्ये निघाली आणि चळवळ धिमी राहिली. जमिनीच्या कडव्या भांडणांत एकमेकांवर भरवसा ठेवणं अवघड होतं.

यात एका कौशल्याची किंमत उतरली, हेही सांगायला हवं. सायीची आंब ओळखणं, लोणी किती मळायचं हे हाताला कळणं, हे पिढ्यान्‌पिढ्या बायकांचं ज्ञान होतं. टॉमस सेगेल्के यांनी 1860 च्या दशकापासून थर्मामीटर, तराजू आणि नोंदवहीचा आग्रह धरला आणि अनेक दूधवाल्या बायांनी तो उचललाही. हाना नील्सन यांनी तर युरोपभर फिरून चीज करायला शिकून घेतलं आणि आपल्या हावार्टी या शेतावर इतरांना शिकवलं. आज त्या शेताच्या नावाचं चीज जगभर विकलं जातं. सहकारी डेअऱ्या वाढल्या तशी व्यवस्थापकाची खुर्ची मात्र बहुतेक ठिकाणी पुरुषांकडे गेली.