शिळ्या उसातली साखर जाते कुठे?

हंगामात निपाणी-चिकोडीच्या रस्त्याला लागलात की कारखान्याच्या दारात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग दिसतेच. नंबर लवकर लागला नाही तर ऊस वाळतो, वजन घटतं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी घट मात्र काट्यावर दिसत नाही. तोडलेल्या उसात साखर फुटत असते.

साखरेचा रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. पाण्याचा एक रेणू मध्ये शिरला की जोड सुटतो: ३४२ ग्रॅम साखर, १८ ग्रॅम पाणी, हाती ३६० ग्रॅम मिश्रण. शुद्ध पाण्यात, साध्या तापमानाला, निम्मी साखर अशी फुटायला शेकडो वर्षं लागतील. उसात मात्र काही दिवसांतच उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, पडतो, कारण उसात इन्व्हर्टेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते उत्प्रेरक आहे. अशक्य ते घडवणं त्याला जमत नाही; जे रखडत झालंच असतं, त्याला ते कमी ऊर्जेची वाट काढून देतं. (मधमाशीही फुलातल्या रसावर असंच विकर वापरते. तिथे आपण त्याला मध म्हणतो आणि कौतुक करतो!)

आता गुऱ्हाळात या. काहिलीत रस उकळला की विकर निकामी होतं, पण धोका टळत नाही. रस मुळात किंचित आंबट. आम्लातला हायड्रोजन आयन जोडातल्या ऑक्सिजनला चिकटतो, जोड सैल होऊन तुटतो, आणि आयन सुटून पुढच्या रेणूकडे जातो. कितीही जोड तोडले तरी तो स्वतः संपत नाही. त्यात चुलवाणाची धग, म्हणजे वेग आणखी वाढला.

याच क्रियेचा वेग १८५० मध्ये जर्मनीत विल्हेल्मी या शास्त्रज्ञांनी मोजला. साखरेचं द्रावण ध्रुवीकृत प्रकाशाच्या, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाच्या, कंपनाची दिशा उजवीकडे वळवतं, फुटलेलं डावीकडे. ते वळण मोजत गेल्यावर दिसलं की जितकी साखर शिल्लक, तितका वेग. आम्ल मात्र होतं तेवढंच.

फुटलेली साखर हवेतलं पाणी ओढते, त्यामुळे असा गूळ चिकट होतो आणि पावसाळ्यात पाघळतो. म्हणून गुळव्या रसात चुन्याची निवळी टाकतो. चुना आम्ल मारतो, म्हणजे उत्प्रेरकच काढून घेतो. निवळी जास्त झाली तर फुटलेली साखर अल्कलीत बिघडून गूळ काळपट होतो, म्हणून ती बेताबेतानं पडते, नजर रसाच्या रंगावर ठेवून.