प्रकल्पज्ञान व्यवस्थापन

प्रकल्पाच्या कामातून संस्थेला जे उमगते ते टिपणे, पारखणे आणि चालू व पुढील प्रकल्पांपर्यंत पोहोचवणे, या कार्यपद्धतींना मिळून प्रकल्पज्ञान व्यवस्थापन म्हणतात. ज्ञान व्यवस्थापन आणि प्रकल्प व्यवस्थापन ही क्षेत्रे स्वतंत्रपणे वाढली. त्यांची सांगड साधारणतः १९९० च्या दशकात बसली असे मानले जाते. व्यवहार मात्र त्याआधीचा आहे. ब्रिटिश पेट्रोलियम या तेल कंपनीने १९७७ मध्येच पूर्ण झालेल्या मोठ्या प्रकल्पांच्या परीक्षणासाठी वेगळा विभाग नेमला होता.

नित्याच्या उत्पादनात तीच माणसे तेच काम पुन्हा करतात, त्यामुळे झालेली चूक त्यांच्याच पुढ्यात येते. प्रकल्पाला मुदत असते. काम संपले की पथक पांगते, ठेकेदार व सल्लागार आपापल्या वाटेने जातात. कागदपत्रांत निर्णय सापडतो, त्यामागची कारणे क्वचितच. तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी मांडलेली अव्यक्त ज्ञानाची कल्पना, म्हणजे माणसाला सांगता येते त्याहून अधिक ठाऊक असते हा विचार, येथे मूलभूत ठरतो. जपानी व्यवस्थापन-अभ्यासक इकुजिरो नोनाका व हिरोताका ताकेउची यांनी १९९५ मध्ये तो व्यवस्थापनशास्त्रात रुजवला. अव्यक्त ज्ञान पूर्णपणे शब्दांत आणता येते का, याविषयी मतभेद आहेत. प्रकल्पांचा अनुभव पोलान्यींच्या बाजूने अधिक झुकतो.

या क्षेत्रातील सर्वाधिक रुळलेली पद्धत म्हणजे आफ्टर ॲक्शन रिव्ह्यू. काय व्हायचे ठरले होते, प्रत्यक्ष काय झाले, तसे का झाले आणि पुढे काय करावे, या चार प्रश्नांवर पथक एकत्र बसून बोलते. ती अमेरिकी भूदलातून आली याविषयी दुमत नाही. दुमत आहे ते भूदलात तिचा उगम कसा झाला याविषयी. एका मतानुसार तिचे मूळ अमेरिकी लष्करी इतिहासकार एस. एल. ए. मार्शल यांनी लढाईनंतर घेतलेल्या मुलाखतींत आहे. नोव्हेंबर १९४३ मधील प्रशांत महासागरातील माकिन बेटावरील लढाईनंतर त्यांनी सैनिकांना एकत्र बसवून, हुद्दा बाजूला ठेवून, घटनाक्रम जुळवून घेतला. मात्र किती सैनिकांनी प्रत्यक्ष गोळीबार केला याविषयीच्या त्यांच्या निष्कर्षांना पुरेसा आधार नसल्याचे इतिहासकार रॉजर स्पिलर यांनी १९८८ मध्ये दाखवले, तेव्हापासून मार्शल यांच्या कार्यपद्धतीकडेही सावधपणे पाहिले जाते. दुसरे मत ही पद्धत १९७० च्या दशकातील प्रशिक्षण-सुधारणांशी जोडते. कॅलिफोर्नियातील फोर्ट अर्विन येथील राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात १९८१ च्या सुमारास सराव सुरू झाले. तेथे लेझर उपकरणांमुळे कोणी कोणाला टिपले याची नोंद आपोआप होऊ लागली. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. गटचर्चा पूर्वीही होत असे. पण हुद्द्यावर किंवा स्मरणशक्तीवर न विसंबणारी नोंद समोर आली तेव्हाच कनिष्ठाला वरिष्ठाची चूक सर्वांदेखत मांडणे शक्य झाले. १९८५ मध्ये फोर्ट लेव्हनवर्थ या लष्करी तळावर अनुभवांचे धडे जमवणारे केंद्र निघाले आणि १९९३ च्या प्रशिक्षण-परिपत्रकात पद्धतीला निश्चित रूप मिळाले. नागरी प्रकल्पांनी पुढे चार प्रश्न उचलले. त्यांच्या मुळाशी असलेली वस्तुनिष्ठ नोंद बहुतेकांनी मागेच ठेवली, ही या पद्धतीच्या प्रसारातील मोठी उणीव होय.

केवळ साठवणुकीवर भर दिल्यास काय होते, याचे सर्वांत तपशीलवार उदाहरण नासाचे आहे. २३ सप्टेंबर १९९९ रोजी मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे मंगळाकडे धाडलेले यान नष्ट झाले. जमिनीवरील एका संगणक-आज्ञावलीने आवेगाचे (यानाला मिळालेल्या धक्क्याचे) आकडे पाउंड-सेकंद या ब्रिटिश एककात दिले होते, तर मार्ग-निर्धारण करणाऱ्यांनी ते न्यूटन-सेकंद या मेट्रिक एककात गृहीत धरले होते. त्या वेळी नासाकडे धड्यांचा संगणकीय संग्रह होता आणि व्यवस्थापकांनी तो पाहावा असा दंडकही होता. तरीही तो नियमित वापरला जात नाही, असे अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण संस्थेने २००२ मध्ये नोंदवले. कोलंबिया अंतराळयानाच्या दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या मंडळाने २००३ मध्ये नासात शिकणाऱ्या संघटनेची लक्षणे दिसत नसल्याचे म्हटले. २०१२ मध्ये नासाच्याच महानिरीक्षकांना प्रकल्प-व्यवस्थापक या संग्रहाकडे क्वचितच वळतात असे आढळले.

याउलट ब्रिटिश पेट्रोलियममध्ये १९९० च्या दशकात पुढे आलेल्या ‘पिअर असिस्ट’ पद्धतीत काम सुरू होण्यापूर्वीच दुसऱ्या ठिकाणच्या अनुभवी सहकाऱ्यांना बोलावले जाते. ज्याला गरज आहे तोच विचारतो, म्हणून मिळालेले उत्तर वाया जात नाही.

प्रमाणकांत हा विषय हळूहळू आला. प्रिन्स-२ या ब्रिटिश पद्धतीत अनुभवातून शिकणे हे तत्त्वच आहे. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शिकेत प्रकल्पज्ञानाची स्वतंत्र प्रक्रिया २०१७ च्या सहाव्या आवृत्तीत आली. आयएसओ ३०४०१ हे ज्ञान व्यवस्थापनाचे प्रमाणक २०१८ चे आहे.

भारतात माणसांच्या बदलीतून ज्ञान पुढे गेल्याचे उदाहरण म्हणून कोकण रेल्वेकडे पाहता येते. १९९० मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाचे प्रमुख ई. श्रीधरन १९९७ मध्ये दिल्ली मेट्रोच्या प्रमुखपदी गेले. ठेके, मुदती व निर्णयाधिकार यांविषयीची त्यांची शिस्त दोन्ही प्रकल्पांत दिसते. पुणे, बंगळुरू येथील सॉफ्टवेअर कंपन्यांत हा विषय मुख्यतः अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील संस्थेच्या परिपक्वता-प्रारूपाद्वारे, म्हणजे कंपनीची कार्यपद्धती किती पक्व आहे हे पातळ्यांत ठरवणाऱ्या चौकटीद्वारे, आला. त्याच्या तिसऱ्या पातळीवर जुन्या प्रकल्पांची कागदपत्रे व मोजमापे संस्थेच्या सामाईक संग्रहात ठेवणे अपेक्षित असते आणि नव्या कामाला किती मनुष्यदिवस लागतील याचा अंदाज त्यांवरून बांधला जातो.