‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ हे पान आलं कुठून?

ब्राउझरमध्ये साइटच्या सर्टिफिकेटचा, म्हणजे तिच्या डिजिटल ओळखपत्राचा, एरर सांगणारं हे पान आलं की आपण काय करतो, तर ॲडव्हान्स्डवर क्लिक करून खालच्या बारीक लिंकवरून आत घुसतो. पण ते पान आज एवढं अडून का बसतं त्यामागे तीसेक वर्षांच्या भानगडी आहेत, आणि त्या माहीत असल्या की एररमध्ये नेमकं काय बिघडलंय तेही लवकर कळतं.

सुरुवात नेटस्केप या ब्राउझर कंपनीने केली, १९९५ साली एसएसएल २.० ही वेबवरचा डेटा एन्क्रिप्ट करायची, म्हणजे वाचता न येणारा करायची, पद्धत आणून. लोकांनी वेबवर क्रेडिट कार्डचा नंबर बिनधास्त टाकावा एवढाच हेतू. डेटा एन्क्रिप्ट करणं गणिताने जमतं, पण समोरची साइट खरंच तीच आहे हे सांगायला तिसरं कुणीतरी लागतं, म्हणून सीए म्हणजे सर्टिफिकेट ॲथॉरिटी आल्या. ब्राउझर किंवा ओएसमध्ये (विंडोज, अँड्रॉइड वगैरे) विश्वासातल्या रूट सर्टिफिकेटची, म्हणजे सीएंच्या स्वतःच्या मूळ सर्टिफिकेटांची, यादी असते, साइटचं सर्टिफिकेट साखळीने तिथपर्यंत पोचलं की झालं. गोम अशी की यादीतली कुठलीही सीए कुठल्याही डोमेनचं सर्टिफिकेट देऊ शकते!

तरी बरीच वर्षं काही गडबड असली तर नुसती एक छोटी खिडकी यायची, पुढे जायचं का, येस की नो, आणि सगळे येस दाबायचे. २००६ ला इंटरनेट एक्सप्लोरर ७ आणि २००८ ला फायरफॉक्स ३ ने अख्खं पानच अडवायला सुरुवात केली, तेव्हा लोक जाम चिडले होते.

मग २०११ मध्ये डिजिनोटार प्रकरण झालं. ही नेदरलँड्समधली सीए, हॅकरने आत शिरून पाचशेच्या वर खोटी सर्टिफिकेटं काढली, त्यात गूगलचंही होतं आणि ते इराणमधल्या लोकांचं जीमेल वाचायला वापरलं गेलं. पकडलं गेलं ते केवळ क्रोममध्ये गूगलच्या साइट्ससाठी कुठल्या एन्क्रिप्शन की (डिजिटल किल्ल्या) चालतील ते आधीच कोरून ठेवलं होतं म्हणून, तिथल्या एका युजरला वॉर्निंग दिसली आणि त्याने ती जगाला सांगितली. बाकी ब्राउझरना ते सर्टिफिकेट अगदी व्हॅलिड वाटत होतं. सगळ्या ब्राउझरनी डिजिनोटारला यादीतून काढलं आणि महिन्याभरात कंपनीचं दिवाळं वाजलं. माझ्या मते आजचा कडकपणा खरा इथून सुरू होतो. सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सी आली, म्हणजे काढलेलं प्रत्येक सर्टिफिकेट सार्वजनिक लॉगमध्ये दिसलं पाहिजे, क्रोमने एप्रिल २०१८ नंतरच्या सर्टिफिकेटांना ते सक्तीचंच केलं. सिमँटेकसारख्या मोठ्या सीएलाही त्याच वर्षी बाहेरचा रस्ता दाखवला. आणि २०१२ चं एचएसटीएस, म्हणजे ‘माझ्याशी फक्त एन्क्रिप्टेड कनेक्शननेच बोल’ असं साइटने ब्राउझरला बजावायची सोय, ज्या साइटवर ते चालू असतं तिथे ती बारीक लिंकही मिळत नाही, कितीही शोधा.

सर्टिफिकेटची मुदत संपली की येणाऱ्या तारखेच्या एररची कथा वेगळी. लेट्स एन्क्रिप्ट या सीएने २०१५ च्या शेवटी फुकट सर्टिफिकेटं द्यायला सुरुवात केली पण फक्त ९० दिवसांची, त्यामुळे ऑटो रिन्यू बंद पडलं की साइट लगेच लाल. अर्थात बऱ्याचदा दोष साइटचा नसतोच, आपल्याच कॉम्प्युटरचं घड्याळ मागे गेलेलं असतं (मदरबोर्डची बॅटरी संपली की हमखास) आणि मग सगळ्याच साइट्स एकदम एरर देतात, तेव्हा आधी तारीख बघा. जुन्या मशीनची आणखी एक गंमत, ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्ट ज्या जुन्या रूटच्या भरवशावर होतं ते एक्स्पायर झालं आणि अपडेट बंद झालेल्या मॅक-आयफोनवर चांगल्या साइट्सही अडायला लागल्या, तिथे घड्याळ बदलून काही होत नाही, ओएस अपडेट करा नाहीतर मॅकवर स्वतःची रूट यादी बाळगणारा फायरफॉक्स टाका.

डेस्कटॉपवर साइट उघडते आणि फोनवर एरर, असं झालं तर बहुधा सर्व्हरवर साइट आणि रूट यांना जोडणारं साखळीतलं मधलं इंटरमिजिएट सर्टिफिकेट लावायचं राहिलेलं असतं, डेस्कटॉपचा ब्राउझर ते कुठूनतरी मिळवून वेळ मारून नेतो. हे साइटवाल्यालाच दुरुस्त करावं लागतं, आपण कॅश साफ करत बसून उपयोग नाही.

सर्टिफिकेटची मुदत तर अजून कमी होत चाललीय, २०२० पासून ३९८ दिवस होती, मार्च २०२६ पासून २०० आणि २०२९ मध्ये तर ४७ दिवस असं ठरलंय, म्हणजे हाताने रिन्यू करणाऱ्यांच्या साइटवर हे पान आणखी दिसणार.