सेलमचे चेटूक खटले

उत्तर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स बे या इंग्रज वसाहतीत १६९२-९३ मध्ये चेटकाच्या आरोपावरून चाललेले खटले. दीडशेहून अधिक लोकांना अटक झाली. १४ स्त्रिया आणि ५ पुरुष फासावर गेले, एकाचा अंगावर दगड रचून जीव घेतला आणि किमान पाच जण तुरुंगातच दगावले. सेलममध्ये चेटकिणींना जिवंत जाळले, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. इंग्रजी कायद्यात या गुन्ह्याला फाशी होती.

सुरुवात सेलम व्हिलेज या खेड्यात झाली (आजचे डॅनव्हर्स). वसाहत प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंट ख्रिश्चनांची. सैतान माणसांशी करार करतो, ही त्यांच्या लेखी वस्तुस्थिती होती. त्यात गाव आधीच फुटलेले. १६८९ मध्ये आलेला पाद्री सॅम्युएल पॅरिस याच्या पगारासाठी पट्टी गोळा करायला एका गटाने नकार दिला होता. पटनम घराणे त्याच्या बाजूने होते. उत्तरेच्या सरहद्दीवर वाबानाकी या मूलनिवासी जमाती आणि फ्रेंचांशी लढाई पेटलेली, तिथून पळून आलेली माणसे आसपास राहत होती.

जानेवारी १६९२ मध्ये पॅरिसची नऊ वर्षांची मुलगी बेट्टी आणि ११ वर्षांची नातलग ॲबिगेल विल्यम्स यांना झटके येऊ लागले. वैद्याने करणीचे निदान केले. मुलींनी तीन नावे घेतली: पॅरिसच्या घरातील गुलाम टिटुबा, दारोदार मागून पोट भरणारी सारा गुड आणि अंथरुणाला खिळलेली सारा ऑसबर्न. तिघीही गावात कोणाच्या लेखी नसलेल्या. टिटुबाने चौकशीत कबुली दिली, शिवाय सैतानाच्या वहीत करार करणाऱ्यांच्या नऊ खुणा पाहिल्याचे सांगितले. मग उरलेल्यांचा शोध सुरू झाला. सारा गुडची चार-पाच वर्षांची मुलगीही साखळदंडात कित्येक महिने कोठडीत होती.

मे महिन्यात गव्हर्नर विल्यम फिप्स याने विशेष न्यायालय नेमले. प्रमुख विल्यम स्टॉटन. न्यायालयाचा खरा आधार होता तो छायारूपी पुरावा. आरोपीची छाया येऊन आपल्याला चिमटे काढते, गळा दाबते, असे पीडितेने सांगितले की तो पुरावा. आरोपी त्या वेळी मैलभर दूर घरात झोपलेली असली तरी फरक पडत नसे, आणि छाया पीडितेखेरीज कोणालाच दिसत नसल्याने खोडून काढायची सोय नव्हती. दुसरी गोष्ट त्याहून विचित्र: सुमारे पन्नास जणांनी गुन्हा कबूल केला, आणि कबुलीवर ठाम राहिलेला एकही फासावर गेला नाही. सॅम्युएल वॉर्डवेलने कबुली मागे घेतली, तो लटकला. ७१ वर्षांच्या रिबेका नर्सला ज्यूरीने आधी निर्दोष ठरवले होते. न्यायाधीशांनी फेरविचाराला धाडल्यावर निकाल उलटला. सुमारे ८० वर्षांच्या जाइल्स कोरीने खटला चालवून घ्यायलाच नकार दिला. त्याचे तोंड उघडावे म्हणून अंगावर दगड चढवत नेले, त्यात तो १९ सप्टेंबरला मेला.

आरोप वरच्या घरांपर्यंत, अगदी गव्हर्नरच्या पत्नीपर्यंत पोहोचल्यावर सूर बदलला. हार्वर्डचे प्रमुख इन्क्रीस मॅदर यांनी लिहिले की एक निरपराध दोषी ठरण्यापेक्षा दहा संशयित चेटकिणी सुटलेल्या बऱ्या. ऑक्टोबरमध्ये फिप्सने न्यायालय मोडले. नव्या न्यायालयाने छायारूपी पुरावा नाकारल्यावर जवळजवळ सगळे सुटले. तरी कोठडीचा खर्च भरल्याशिवाय बाहेर पडता येत नसे. पॅरिसने पैसे न भरल्याने टिटुबा वर्षाहून अधिक काळ आत राहिली.

न्यायाधीश सॅम्युएल सीवॉलने १६९७ मध्ये चर्चमध्ये उभे राहून दोष पत्करला. स्टॉटनने कधीच नाही. आरोप करणाऱ्यांतील ॲन पटनमने १७०६ मध्ये माफी मागितली. १७११ मध्ये वसाहतीने कुटुंबांना भरपाई दिली. दोषी ठरलेली, पण फाशी टळलेली एलिझाबेथ जॉन्सन मात्र निर्दोष ठरवलेल्यांच्या यादीबाहेर राहिली होती. तिचे नाव २०२२ मध्ये शाळकरी मुलांच्या खटपटीमुळे निर्दोष म्हणून नोंदले गेले.