पुण्याच्या खासगी शाळा आणि त्यांचे न सुटणारे विद्यार्थी

गणपतीला दीड-दोन महिने उरले की मुठेच्या काठी संध्याकाळी ढोल घुमायला लागतात. ढोलाच्या तोंडावरचं पान सैल पडलं की कुणीतरी ढोल आडवा पाडून, त्यावर गुडघा टेकवून दोऱ्या ओढतं. चाळिशीतला, दिवसभर बँकेत बसणारा माणूस विशीतल्या पोराकडून ‘हात’ शिकत असतो, आणि चुकला की त्याच पोराची बोलणी मुकाट्यानं ऐकूनही घेतो. त्याला विचारावं, पथक कोणतं? बऱ्याचदा उत्तरात शाळेचं नाव येतं. रमणबाग (म्हणजे न्यू इंग्लिश स्कूल), नूमवि (नूतन मराठी विद्यालय), ज्ञानप्रबोधिनी. शाळा सोडून वीस वर्षं झाली तरी तो अजून ‘नूमवीय’च असतो.

बाहेरगावच्या माणसाला याची गंमत वाटते, थोडा वैतागही येतो. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी पुणेकर दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात ‘शाळा कुठली तुमची?’ विचारणार, हे ठरलेलं. या चिकटपणाची मुळं जवळजवळ दीडशे वर्षं मागे जातात. त्या काळी या गावात शाळा काढणं म्हणजे सरकारशी काडीमोड घेणं होतं.

खासगी शाळेची कल्पना टिळकांच्याही आधीची. 1860 मध्ये वामन प्रभाकर भावे, लक्ष्मण नरहर इंदापूरकर आणि वासुदेव बळवंत फडके यांनी पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशनचा पाया घातला. तिचीच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली आणि पेरुगेटजवळची तिची शाळा ‘भावे स्कूल’ म्हणून ओळखली जाऊ लागली. संस्थापकांतल्या फडक्यांनी पुढे शस्त्र उचललं आणि 1879 च्या जुलैत ते पकडले गेले. त्यानंतर सहा महिने होतात न होतात तोच, 1880 च्या जानेवारीत, पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. एक वाट बंद झाली म्हणून दुसरी धरली, असं सरळ गणित मी मांडणार नाही. पण गावातल्या माणसांच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकाच वेळी होत्या, हे विसरून चालत नाही.

ही शाळा काढणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर रत्नागिरीच्या सरकारी शाळेतली नोकरी सोडून पुण्यात आले होते; टिळक त्यांच्याबरोबर होते. डेक्कन कॉलेजात शिकताना टिळक आणि आगरकर यांच्या रात्र-रात्र चाललेल्या चर्चांतून सरकारी नोकरी करायची नाही असं ठरलं होतं. आगरकरांची एम.ए.ची परीक्षा राहिली होती, म्हणून ते वर्षभरानं आले. वामन शिवराम आपटे आणि माधवराव नामजोशी येऊन मिळाले. आपट्यांनी शाळेची घडी बसवली, तर चार माणसांकडून पैसे काढण्यात नामजोश्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती म्हणजे मॅट्रिकच्या संस्कृतातला सर्वोच्च मान. पहिल्या काही वर्षांतच ती या शाळेच्या मुलांनी पटकावली. सरकारी हायस्कूलशी तुलना सुरू झाली आणि गावाला मुलं घालायला कारण मिळालं.

‘स्वतंत्र’ शाळेच्या डोक्यावर साहेब नसतो, पण तिच्या मानगुटीवर गाव बसतं. गावाची वर्गणी घेतली की गावाचा हक्कही मान्य करावा लागतो. सुरुवातीला तो हक्क प्रेमाचाच होता. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या आपल्या पत्रांत छापलेल्या, कोल्हापूरच्या दिवाणांवरच्या मजकुराबद्दल 1882 मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. दोन मास्तर डोंगरीच्या तुरुंगात, आणि चिपळूणकर त्याच वर्षीच्या मार्चमध्ये जेमतेम 31 वर्षांचे असताना वारलेले. शाळा अवघी अडीच वर्षांची! खटल्याच्या खर्चासाठी विद्यार्थ्यांनी नाटकं करून पैसे उभे केले. कोल्हापुरात राजाराम कॉलेजच्या मुलांनी केलेल्या प्रयोगात गोपाळ कृष्ण गोखले नावाचा एक विद्यार्थी होता. हाच मुलगा पदवी घेऊन पुण्याला आला आणि न्यू इंग्लिश स्कूलमध्ये 35 रुपयांवर मास्तर झाला. तो या शाळेचा माजी विद्यार्थी नव्हे. तरीही शाळेभोवतीचा गोतावळा कसा तयार होत गेला, ते इथे दिसतं.

24 ऑक्टोबर 1884 रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि 2 जानेवारी 1885 ला फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. कॉलेजला गव्हर्नरचं नाव दिलं हेही ध्यानात ठेवायला हवं. सरकारपासून दूर राहायचं आणि सरकारशी भांडायचंही नाही, अशी ती कसरत होती. संस्थेचा खरा कणा होता आजीव सदस्यत्वाचा नियम. वीस वर्षं शिकवायचं, महिना 75 रुपये घ्यायचे आणि संस्थेचा कारभारही आपणच पाहायचा. सरकारी शिक्षणखात्यात यापेक्षा कितीतरी जास्त मिळालं असतं. पण वरची कमाई ज्यानं-त्यानं स्वतःकडे ठेवायची की संस्थेच्या पदरात घालायची, यावर आजीव सदस्यांत वितुष्ट आलं. त्यात सामाजिक सुधारणेवरचे मतभेद मिसळले आणि 1890 मध्ये टिळक बाहेर पडले. ज्यांनी शाळा काढली त्यांच्यातला एक जण आता तिचा टीकाकार झाला.

टिळकांच्या जाण्यानं गणिताची जागा रिकामी झाली. गोखल्यांनी मुंबईहून धोंडो केशव कर्वे यांना बोलावलं आणि 1891 मध्ये कर्वे फर्ग्युसनला रुजू झाले. दोन वर्षांनी त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. त्यांच्या गावी, मुरूडला, त्यांच्यावर बहिष्कार पडला, पण कॉलेजातली खुर्ची हलली नाही. प्राचार्य तेव्हा आगरकर होते. त्याच आगरकरांची, त्यांच्या सुधारकी मतांपायी, याच गावानं जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ज्या पेठांतून वर्गणी येत होती, त्याच पेठांतून ती तिरडीही आली.

कर्व्यांचा मामेभाऊ रघुनाथ परांजपे फर्ग्युसनचाच विद्यार्थी. केंब्रिजला गेला, 1899 मध्ये सीनियर रँग्लर झाला, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिला आला. असा मान मिळवणारा तो पहिला हिंदी माणूस. त्याला कुठेही मोठी नोकरी मिळाली असती. 1902 मध्ये तो परत आला, त्याच 75 रुपयांवर, प्राचार्य म्हणून. माजी विद्यार्थ्यानं शाळेसाठी काय करावं, याचा दंडक या गावात तिथे पडला असं मला वाटतं. देणगीची पावती फाडणं हा त्याचा अलीकडचा, सोपा अवतार.

पण तो गोड शेवट नव्हता. 1905 च्या ऑक्टोबरात विनायक दामोदर सावरकर या फर्ग्युसनच्या विद्यार्थ्यानं पुढाकार घेऊन पुण्यात परदेशी कपड्यांची होळी केली. रँग्लर परांजप्यांनी त्याला 10 रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. यावर ‘केसरी’त अग्रलेख आला, ‘हे आमचे गुरूच नव्हेत’. संस्थेच्या जुन्या संस्थापकानं आताच्या प्राचार्याला सुनावलं, आणि तेही एका मुलाची बाजू घेऊन. आजच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुख्याध्यापकांवर तोंडसुख घेणाऱ्यांनी आपली परंपरा किती जुनी आहे हे जाणून असावं.

हा सगळा मुलांचा आणि पुरुषांचा पसारा, तोही बहुतांशी पेठांतल्या पांढरपेशांचा. मुलींसाठी 1884 मध्ये हुजूरपागा निघाली तेव्हा तिथल्या अभ्यासक्रमाला विरोध करणाऱ्यांत टिळकही होते. ‘गावाची शाळा’ म्हणताना गावातलं कोण, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

ढोल मात्र पेठेतला नव्हे. तो मुळशी-मावळातल्या गावकऱ्यांचा. 1893 नंतर सार्वजनिक गणेशोत्सवात मेळे निघू लागले, त्यांत शाळकरी पोरं पदं म्हणत मिरवत. मेळे पुढे मावळले. विसर्जन मिरवणुकीत शाळेच्या मुलांनी शिस्तीत उतरावं, ही कल्पना आणण्याचं श्रेय आप्पा पेंडश्यांना दिलं जातं. त्यांनी 1962 मध्ये ज्ञानप्रबोधिनी सुरू केली, 1969 मध्ये तिची प्रशाला निघाली. प्रबोधिनीची बरची (काठ्या घेऊन तालावर करायचा नाच) आणि ढोल-ताशे लोकांच्या डोळ्यांत भरले, तशी इतर शाळांची पथकं आली. शाळेतून बाहेर पडलेल्यांना टिपरू खाली ठेववेना, म्हणून माजी विद्यार्थ्यांची पथकं झाली. मग मुलींनीही कमरेला ढोल बांधले.

साडेनऊला सराव संपतो. ढोल टेम्पोत चढतात, हाताच्या फोडांवर चिकटपट्ट्या लागतात. बँकवाला त्या विशीतल्या पोराला विचारतो, ‘आमच्या वेळचे गणिताचे सर अजून येतात का रे?’

‘येतात ना. काल सरावाला आले होते. म्हणाले, तुमचा ताशा घाई करतोय.’